अक्कांचं पहिलं उत्तर

अक्का गेल्यानंतर सोळाव्या दिवशी सकाळी त्यांचा टॅब वाजला. पाहुणे आपापल्या गावी गेले होते, घर धुऊन झालं होतं आणि मी बाल्कनीत वाळलेल्या चादरी काढत होते. टॅब कपाटावर ठेवलेला होता, तिथूनच दोनदा टुणटुण झालं. खाली काढून पाहिला तर नेहमीचंच लिहून आलं होतं, ‘नमस्कार. आपली नवीन प्रश्नावली तयार आहे. उत्तरे देण्यास सुमारे पंधरा मिनिटे लागतील.’ मी ते सवयीनं मोठ्यानं वाचलं. वाचून मान वर केली आणि मग लक्षात आलं की ऐकायला कुणी नाही... तेरा दिवस आल्यागेल्यांचं करताना मला नीट रडूसुद्धा आलं नव्हतं. बायका म्हणत होत्या, हिनं मन फार घट्ट केलंय. त्या सकाळी मात्र चादरीत तोंड घालून मी पुष्कळ वेळ रडले.

अक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्यांचे यजमान जाऊन चार वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. त्या इथंच राहिल्या. आधी गौलीगुड्यातल्या दोन खोल्यांत, मग चिक्कडपल्लीच्या या फ्लॅटमध्ये, अशी त्रेचाळीस वर्षं आम्ही दोघींनी एका स्वयंपाकघरात काढली. माझे यजमान गेले तेव्हाही त्याच शेजारी होत्या. मी उदगीरकडच्या खेड्यातली, चौथीपर्यंत शिकलेली. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझे हात गार पडतात. दाराशी कुणी आलं की अक्का पुढं व्हायच्या आणि मी आतून ऐकायची. त्यामुळे मी कागदावर काही लिहीन असं मलाही वाटलं नव्हतं. पण एक गोष्ट मी चुकीची नोंदवली आहे, आणि ती नीट कुठंतरी लिहिलेली असावी असं वाटतं, म्हणून ही वही घेतली.

दीड वर्षापूर्वी फरहाना नावाची मुलगी आमच्या दारात आली. गळ्यात ओळखपत्र, पाठीवर पिशवी. ती एका पाहणीच्या कामावर होती. तिनं सांगितलं की मोबाइलवर, इंटरनेटवर लोकांची मतं विचारतात तेव्हा नेहमी तीच तीच माणसं बोलतात. ज्यांच्याकडे फोन नाही, नेट नाही, त्यांना कुणी विचारतच नाही. म्हणून आता आमच्यासारख्या जुन्या गल्ल्यांतून आणि पार जहिराबाद, आदिलाबादकडच्या खेड्यांतून चिठ्ठ्या टाकल्यासारखी घरं काढतात. घरातला माणूसही तसाच निघतो. ज्याचं नाव निघेल त्याला नेटसकट टॅब देतात, पंधरा दिवसांनी प्रश्न येतात, त्यानं घरबसल्या उत्तरं द्यायची. घरात आम्ही चार मोठी माणसं, अक्का, मी, माझा मुलगा श्रीकांत आणि सून स्वप्ना. फरहानानं चौघांची नावं भरली, बटण दाबलं, आणि नाव निघालं अक्कांचं.

श्रीकांत हसायलाच लागला. “अहो, अक्का अठ्ठ्याहत्तरच्या आहेत. डोळ्यांना दिसत नाही. मला विचारा ना, मी इंजिनियर आहे.”

“नै भाई,” फरहाना म्हणाली, “नाम अम्मा का निकला. बदलने का नै.”

“मग माझी बायको घ्या. ती दिवसभर कॉम्प्युटरवरच असते.”

“नै बोली ना मैं. अम्मा नै बोले तो ये घर खाली जाता. दूसरा नै चलता.”

अक्का खाटेवरून ऐकत होत्या. त्यांना हे सगळ्यांच्या आधी कळलं. अफझलगंजला तूरडाळ घ्यायला गेलो की त्या पोत्याच्या वरची डाळ कधी बघत नसत. बाही वर करून कोपरापर्यंत हात खाली घालायच्या, डोळे मिटून मूठ भरायच्या आणि ती उघडून बघायच्या. दुकानदार ओरडायचा, “अम्मा, ऊपर का देखो ना!” तर म्हणायच्या, “ऊपर का तो तुम दिखारेच.” त्या दिवशी फरहानाला म्हणाल्या, “म्हणजे तुम्ही पोत्याच्या तळाशी हात घातला म्हणायचं. आणि आली काय हातात, तर मी!” फरहानाला मराठी अर्धंच कळत होतं, पण ती खूप हसली.

प्रश्न तेलुगू, उर्दू, हिंदी आणि मराठीत होते. मराठी नुकतीच घातली होती, कारण सीमेकडच्या खेड्यांतून आपली मराठी घरं पुष्कळ निघाली होती. अक्कांनी मराठी घेतली. डोळ्यांचे पडदे साखरेनं खराब झालेले, तेव्हा कुणीतरी वाचून दाखवायला हवं होतं. स्वप्ना म्हणाली, तिला बोलता येतं पण मराठी वाचायला जमत नाही, तिची शाळा इंग्रजीची. श्रीकांतनं टॅब हातात घेतला आणि एकेक अक्षर लावायला लागला, “आ...प...ण... आपल्या... जी...” अक्का म्हणाल्या, “अरे, हा प्रश्न संपेस्तोवर मी राहते का नाही! दे तो यमूकडे.” यमू म्हणजे मी. अशा रीतीनं दोन पदवीधरांच्या घरात ते काम चौथी शिकलेल्या बाईकडे आलं. फरहानानं मला समोर बसवून बजावलं, वाचायचं, समजावायचं नाही, सुचवायचं नाही. “चेहरा नक्को बनाना, अम्मा. वो जो बोले, वइच दबाना. आप को पसंद नै आया तो भी.” मी हो म्हटलं. तिनं सही घेतली. मी नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं पूर्ण लिहिलं... माहेरचं. मग खोडून सासरचं लिहिलं. कितीतरी वर्षांत माझ्याकडून कुणी काही कबूल करून घेतलं नव्हतं.

मग दर पंधरा दिवसांनी दुपारी आम्ही दोघी बाल्कनीत बसायला लागलो. नळाला पाणी किती वेळ येतं, दवाखान्यात कसं जाता, घरात कोणती भाषा बोलता, शेजाऱ्यांवर विश्वास आहे का. अक्का प्रत्येक प्रश्नाशी भांडायच्या. ‘पूर्णपणे सहमत, काहीसे सहमत’ असं मी वाचलं की म्हणायच्या, “काहीसे म्हणजे काय गं? हो म्हणायचं आणि पुढं भांडायची सोय ठेवायची?” एकदा विचारलं होतं, शून्य ते दहा या मापात आपण किती सुखी आहात. विचार करून म्हणाल्या, “साडेपाच.” मी म्हटलं, अर्धा नाही यात. “मग पाच लिही. अर्धं आपल्याकडं राहू दे.” फरहाना कधी टॅब बघायला आली की तिला विचारायच्या, “आमच्या गावाची चिठ्ठी निघाली का गं?” त्यांचं माहेर जहिराबादच्या पलीकडे, चाळीस-पन्नास घरांचं गाव. निघाली नव्हती. “निघेल,” म्हणायच्या, “हात नीट खोल घाला.”

तिसऱ्या का चौथ्या खेपेला तो प्रश्न आला. ‘मनातले मोकळेपणाने बोलता येईल अशी एखादी व्यक्ती आपल्या आयुष्यात आहे का?’ खाली दोनच उत्तरं, हो आणि नाही. मी वाचलं आणि बोट ‘हो’वर नेऊनच ठेवलं. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडून गेला. मग त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, “नाही.”

मी त्यांच्या शेजारी बसले होते. गुडघ्याला गुडघा लागलेला. त्रेचाळीस वर्षं... त्यांचं जेवण, त्यांची औषधं, त्यांची वेणी. माझ्या कानशिलांत गरम झालं. मी ‘हो’ दाबलं.

“दाबलंस का गं?”

“दाबलं.”

पण तो टॅब माणसाला खोटं बोलून सुटू देत नाही. ‘हो’ म्हटल्याबरोबर त्यानं आणखी दोन प्रश्न उघडले, जे ‘नाही’ म्हटलं असतं तर आलेच नसते. ती व्यक्ती आपली कोण? तिच्याशी किती वेळा बोलणे होते? ते मी वाचून दाखवले नाहीत. माझी मीच दाबत गेले, इतर नातेवाईक, रोज. म्हणजे अक्कांच्या नावावर मी स्वतःलाच बसवून घेतलं. अक्का म्हणाल्या, “आज लवकर संपलं.” मी म्हटलं, हो, थोडेच होते.

त्यानंतर आठवडाभर मी त्यांच्याशी धड बोलले नाही. ताट वाढायची, गोळ्या द्यायची, पण तोंड मिटलेलं. त्यांना दिसत नसलं तरी सगळं कळायचं. “काय झालं यमू? भांडी फार वाजतात आज.” मी म्हणायची, काही नाही. आठव्या दिवशी दुपारी मी लसूण सोलत होते, त्या जवळ बसल्या होत्या, आणि माझ्याच तोंडून निघून गेलं, “मनातलं बोलायला कुणी नाही म्हणालात. मी कोण मग?”

अक्कांनी लसणाची ताटली बाजूला सरकवली. मला वाटलं, चिडल्या. मग म्हणाल्या, “श्रीकांत सव्वा वर्षाचा होता. दाराआड त्याला मांडीवर घेऊन तू शिकवत होतीस... अक्का म्हण, अक्का. मी पलीकडंच उभी होते.”

माझ्या हातातला लसूण तसाच राहिला. श्रीकांतच्या जन्मानंतर मी सात-आठ महिने अंथरुणावर होते. कावीळ झाली, मग ताप, उठताच येईना. त्याला अक्कांनी वाढवलं. वाटी-चमच्यानं दूध पाजलं, कुशीत घेऊन निजवलं. बोलायला लागला तसा त्यांनाच ‘आई’ म्हणायला लागला. मी बरी होऊन उठले तर माझं मूल माझ्याकडे येईना. कुणाला सांगणार? मग मी रोज दुपारी दार लोटून त्याला शिकवलं, ही अक्का, आई मी. आणि एक दिवस अक्काच त्याला हाक मारताना म्हणाल्या, “ये, अक्काकडे ये.” आपण होऊन म्हणाल्या. पुढं शेजारीपाजारी, सगळं घर त्यांना अक्काच म्हणायला लागलं. मला वाटलं, देवानंच माझं काम सोपं केलं. चाळीस वर्षं मी असंच समजत होते.

“तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?” मी विचारलं.

“काय बोलणार होते? मूल तुझंच होतं गं,” त्या म्हणाल्या. “पण आई म्हणायचा तेव्हा बरं वाटायचं. ते कुणाला सांगायचं? तुलाच कसं सांगायचं?”

मी त्यांचे पाय धरले. त्या म्हणाल्या, “ऊठ, लसणाचे हात आहेत.” इतकंच.

पण त्या दिवसापासून आमचं बोलणं सुरू झालं. आधी आम्ही एकमेकींना मीठ आहे का, दूध उतू गेलं का, एवढंच बोलत असू, आणि त्यालाच मी बोलणं समजत होते. आता अक्का माहेरच्या विहिरीचं सांगायच्या, यजमानांच्या आजारपणाचं सांगायच्या, मी जन्मात कुणाला न सांगितलेलं त्यांना सांगायची. टॅबवर ‘आपणास किती अपत्ये आहेत’ असं आलं तेव्हा त्यांनी ‘शून्य’ सांगितलं आणि माझ्याकडे तोंड करून हसल्या. मीही ‘शून्य’ दाबलं. त्यानंतर एकही उत्तर मी बदललं नाही. पण ते एक तसंच राहिलं होतं. फरहानानं सांगितलं होतं की वर्षानं तेच प्रश्न पुन्हा येतात, माणसाचं काय बदललं ते कळावं म्हणून. मी मनाशी ठरवलं, आला की अक्कांना सांगून टाकायचं.

आणि तो आला. बाल्कनीतच बसलो होतो. मी वाचला. अक्का लगेच म्हणाल्या, “हो. लिही, हो.” मग त्यांनी माझा गुडघा चाचपला. “मागल्या साली याला मी नाही म्हटलं होतं. आठवतं का गं?”

“आठवतं.”

“आता बघतील आणि म्हणतील, या म्हातारीला एवढ्या वयात कोण भेटलं बाई!” त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मी पाणी दिलं. मी पण हसले. तेव्हाच सांगायला हवं होतं, अक्का, तिथं ‘नाही’ लिहिलेलंच नाही, मी ‘हो’ दाबलं होतं. पण त्यांचा चेहरा बघून माझं तोंड उघडेना. म्हटलं उद्या सांगू. उद्याचं परवा झालं, परवाचे पाच आठवडे झाले. एका सकाळी आंघोळ करून त्या खाटेवर बसल्या, “यमू, जरा पंखा लाव,” म्हणाल्या. मी पंखा लावून वळले तोवर त्या गेल्या होत्या. अग्नी श्रीकांतनं दिला.

टॅब वाजला त्याच दिवशी स्वप्नानं फरहानाला फोन करून कळवलं. ती दोन दिवसांनी आली. आत येऊन रिकाम्या खाटेशी थोडा वेळ उभी राहिली, मग टॅब पिशवीत घालून एका कागदावर माझी सही मागितली. श्रीकांत घरी नव्हता, पुढं व्हायला अक्का नव्हत्या. माझे हात गार पडले होते. मी म्हटलं, “बेटा, मैंने एक जवाब झूठा दबाया.” आणि सगळं सांगितलं, माझ्या मोडक्या उर्दूत, जमेल तसं.

ती खुर्चीवर बसली. “कैकु बोले अम्मा? कौन पूछ रा था आपकू?”

मी पदराला हात पुसले.

“अब मेरेकू लिखना पड़ता,” ती म्हणाली. तिनं मला नीट समजावून सांगितलं. वाचणाऱ्या माणसानं एक उत्तर बदललं असं कळलं की बाकीची तरी खरी कशावरून, असं वरचे लोक म्हणू शकतात. अक्कांची सगळीच उत्तरं ते बाजूला काढू शकतात, पूर्ण दीड वर्षाची. “सोच लो. मैं नै सुनी समझो, चलता.”

मला ते सगळं डोळ्यांपुढं आलं... नळाचं पाणी, दवाखाना, साडेपाचातले पाच. या बाईला उभ्या आयुष्यात कुणी काही विचारलं नव्हतं, आणि जे विचारलं, जे तिनं सांगितलं, ते माझ्यामुळे पुसलं जाणार. पण त्यांचं ते हसणंही कानात होतं. त्यांना वाटत होतं की कुठंतरी कुणीतरी दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी ठेवून बघेल. तिथं हो आणि हो असंच होतं. अक्का ‘नाही’पासून ‘हो’पर्यंत आल्या, त्याची खूणच नव्हती.

“लिखो,” मी म्हटलं.

तिनं लिहून घेतलं. मी खाली सही केली, या वेळी न खोडता.

काल तिचा फोन आला. बाकीची उत्तरं राहू दिली आहेत. त्या दिवसाची ती तीन मात्र काढून टाकली. मी विचारलं, मग तिथं ‘नाही’ असं लिहिलं का? ती म्हणाली, नै अम्मा, ज्यानं उत्तर दिलं तोच ते बदलू शकतो. तिथं आता काहीच नाही, कोरं. या वर्षीचं ‘हो’ आहे. अक्कांच्या जागी मी उत्तरं देऊ शकेन का, हेही मी भीत भीत विचारलं. तिनं सांगितलं, ती चिठ्ठी अक्कांचीच होती, जागा दुसऱ्याला जात नाही. मी म्हटलं, बरोबर आहे. मला तो प्रश्न आला असता तर काय दाबलं असतं, ते मला ठाऊक आहे.

म्हणून इथं लिहून ठेवते. पहिल्या वर्षी अक्का नाही म्हणाल्या होत्या. खरं म्हणाल्या होत्या. दुसऱ्या वर्षी हो म्हणाल्या, तेही खरं.

आज दुपारी श्रीकांत जेवायला घरी आला होता. आमचं स्वयंपाकघर एवढंसं. पोळ्या झाल्या की अक्का ओट्याच्या कडेला भिंतीला टेकून बसायच्या, पाय लांब करून, कारण गुडघे वाकत नसत. फ्रिजकडे जायचं तर त्यांच्या पायांना वळसा घालूनच जावं लागे, आणि रोज कुणीतरी त्यावरून कुरकुर करायचं. श्रीकांत पाण्याची बाटली घ्यायला आला, फोनवर तेलुगूत कुणाशी तरी बोलत. फ्रिजपाशी जाताना त्यानं मोकळ्या फरशीला नीट वळसा घातला, बाटली घेतली, आणि तसाच वळसा घालून परत निघाला. त्याचं त्यालाही कळलं नाही.

मी म्हटलं, “श्रीकांत, फोन ठेव. बस जरा.”

“काय आई, परत टॅब आला की काय?”

“नाही. तू लहानपणी अक्कांना काय म्हणायचास, ते सांगायचंय.”

त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि फोन बंद केला. मग तिथंच खाली बसला... अक्कांच्या पायांपुरती जागा सोडून.